शस्त्राची लांबी आणि धर्म

नांदगाव तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर रानडुकरांपासून मका राखण्यासाठी जो शेतकरी ठासणीची बंदूक बाळगतो, त्याला ती मनात आणले तरी लपविता येत नाही. खांद्यावर घेतली तर वाटेने जाणारा प्रत्येक माणूस ती पाहतो, खुंटीला टांगली तर ओसरीवर आलेला सोयरा पाहतो, आणि निवडणुकीच्या दिवसांत ठाण्यात जमा करावयास नेली तर सारी बाजारपेठ पाहते. हे प्रकटत्व त्या शेतकऱ्याच्या सचोटीतून आलेले नसते. त्या शस्त्राच्या लांबीनेच ते त्याच्यावर लादलेले असते. कायद्यालाही हा भेद ठाऊक आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात संरक्षणासाठी वा क्रीडेसाठी निदान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, तसेच पीकराखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला, एक न्याय लावला आहे. आखूड शस्त्र मागणाऱ्याला मात्र सबळ कारण दाखवावे लागते. मनुष्य तोच, हेतू तोच, आणि केवळ नळीच्या लांबीवरून अर्जाचा मार्ग बदलावा, यात दप्तरी सोयीपलीकडे काही तत्त्व आहे काय? शस्त्राच्या आकाराला स्वतःचा असा नैतिक अर्थ असू शकतो काय? हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही, आणि नाशिक जिल्ह्याला तर तो रक्ताने विचारला गेलेला आहे.

त्या प्रश्नाचा उगम मात्र बेल्जममध्ये आहे. लिएजजवळच्या हर्स्टल या गावी १८८९ साली ‘फाब्रिक नासिओनाल’ हा कारखाना निघाला, तो बेल्जमच्या सरकारला दीड लाख माउझर रायफली पुरविण्याच्या एकाच कराराच्या आधारावर. सव्वा मीटर लांब आणि चार किलोंच्या आसपास वजनाची ती रायफल म्हणजे शिपायाचे शस्त्र. रांगेत, गणवेशात, निशाणाखाली चालावयाचे. पण करार पुरा होत आला, माउझरच्या हक्कांवरून जर्मन कंपनीशी तंटा उभा राहिला, आणि कसबी कारागिरांनी व अद्ययावत यंत्रांनी भरलेल्या त्या कारखान्यापुढे ‘आता काय घडवावे’ हा प्रश्न पडला. सायकली घडवूनही तो पुरता सुटला नाही. १८९७ साली अमेरिकेतल्या यूटा प्रांताचा जॉन मोझेस ब्राउनिंग याच्याशी कारखान्याने करार केला, आणि त्याच्या आराखड्यावरून १९०० साली बाजारात आले ते सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास वजनाचे, वीतभरही लांब नसलेले, सात गोळ्यांचे पिस्तूल. रिव्हॉल्व्हरचे फिरते नळकांडे खिशाबाहेर फुगून दिसे. ब्राउनिंगने काडतुसे मुठीतच एकावर एक रचून ते शस्त्र दोन्ही बाजूंनी सपाट केले, आणि त्या सपाटपणातच त्याचे सारे भाग्य सामावलेले होते. पुढल्या दहाबारा वर्षांत त्या एका नमुन्याची सात लाखांवर पिस्तुले विकली गेली. कारखान्याच्या दृष्टीने हा रिकाम्या यंत्रांना काम देण्याचा व्यवहार होता. परंतु रायफलीच्या गिऱ्हाइकाला जी गोष्ट कधीच विकत घेता आली नव्हती, ती, म्हणजे शस्त्र जवळ असून निःशस्त्र दिसण्याची मुभा, आता शस्त्राच्या किमतीतच मिळू लागली.

या मुभेने जगाचा इतिहास किती ठिकाणी वळविला हे पाहण्यासारखे आहे. १९०४ च्या जूनमध्ये हेलसिंकी येथे रशियाचा गव्हर्नर जनरल बोब्रिकोव्ह याच्यावर, आणि १९०९ च्या ऑक्टोबरात हार्बिनच्या स्टेशनावर जपानच्या इतो हिरोबुमीवर जे पिस्तूल चालले, ते याच नमुन्याचे. १९१४ साली सारायेव्होस जे चालले ते याच कारखान्याच्या पुढल्या नमुन्याचे. दरम्यान लंडनहून विनायक दामोदर सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यातून चतुर्भुज अमीन याच्या हाती मुंबईस धाडली, आणि त्यांतले एक २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे याच्या अंगावर होते. कान्हेरे औरंगाबादेस शिकत होता. औरंगाबादेहून नाशिकला यावयाचे तर निजामाची अरुंद रुळांची गाडी मनमाडला सोडून ग्रेट इंडियन पेनिन्सुलाच्या रुंद रुळांवर चढावे लागे, आणि मनमाड हे नांदगाव तालुक्यातलेच. असल्या गजबजलेल्या जंक्शनात लांब नळीची बंदूक घेतलेला तरुण पहिल्याच हवालदाराच्या नजरेत भरला असता. खिशातले पिस्तूल मात्र कोणत्याही फलाटावरून निर्वेध जाऊ शकत होते. विनायकरावांचे वडीलबंधू बाबाराव सावरकर यांचा खटला सेशन कोर्टाकडे पाठविणारा, संस्कृतच्या व्यासंगामुळे ‘पंडित’ म्हणून ओळखला जाणारा कलेक्टर जॅक्सन बदलीवर निघालेला होता, आणि निरोपादाखल ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला पाहुणा म्हणून आलेला होता. जिल्हा मॅजिस्ट्रेट या नात्याने ज्याच्या कचेरीतून शस्त्रांचे परवाने निघत, त्याच्याच देहात बिनपरवाना शस्त्राच्या गोळ्या शिरल्या.

आता धर्मशास्त्राकडे वळू. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात युद्धाचे नियम सांगताना कूटायुधाने कोणाला मारू नये, असा स्पष्ट निषेध आहे. आणि कूटायुध म्हणजे बाहेरून लाकडाचे दिसणारे परंतु पोटात तीक्ष्ण पाते दडविलेले शस्त्र, असे टीकाकार कुल्लूकाने उलगडून सांगितले आहे. विषारी व तप्त बाणांच्या जोडीला हे शस्त्र बसविले, याचा अर्थ असा की शास्त्रकाराला त्याच्या घातकतेपेक्षा त्याच्या कपटाची किळस होती. परंतु त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात अंगावर चालून येणाऱ्या आततायी माणसाला उघडपणे मारले काय किंवा गुप्तपणे मारले काय, मारणाऱ्याला दोष नाही, असेही म्हटले आहे. पहिला नियम समान योद्ध्यांसाठी, ज्यांच्या हाती शस्त्रे आहेत आणि ज्यांनी एकमेकांना आव्हान दिले आहे. दुसरा नियम ज्याला आव्हान देण्याची सवडच ठेवली गेलेली नाही त्याच्यासाठी. प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ साली जे घडले त्याचे समर्थन मराठी मनाने नेहमी या दुसऱ्या नियमानेच केले आहे. तेव्हा गुप्त शस्त्र सदासर्वकाळ निषिद्ध, असे म्हणण्यास परंपरेचा आधार नाही; तसेच ते सदासर्वकाळ निर्दोष, असे म्हणण्यासही नाही. खरा प्रश्न असा की समोरचा आततायी आहे हे ठरवावयाचे कोणी? उघड शस्त्र बाळगणाऱ्याचा हा निर्णय इतरांच्या नजरेखाली होतो. कोणी त्याला अडवितो, कोणी समजावितो, कोणी पळून जाऊन जीव वाचवितो. प्रच्छन्न शस्त्र बाळगणारा मात्र वादी, साक्षी आणि न्यायाधीश या तिन्ही भूमिका एकाच खिशात घेऊन हिंडतो.

येथे महाभारतातल्या शमीवृक्षाचा दाखला उपयोगी पडतो. अज्ञातवासात पांडवांनी शस्त्रे लपविली, परंतु ती अंगावर नव्हे, झाडावर. सबब विराटाच्या नगरात जे निःशस्त्र दिसत होते ते खरोखरच निःशस्त्र होते. वेष लपला होता, शस्त्र हाती नव्हते. खिशातले पिस्तूल ही व्यवस्था नेमकी उलटी करते: वेष जसाच्या तसा, नाव जसेच्या तसे, आणि केवळ मरण तेवढे झाकलेले. खंडेनवमीला आपण विळा, कोयता, नांगर आणि ज्याच्या घरी असेल तो आपली दुनळी बंदूकही हळदकुंकू लावून, झेंडूची फुले वाहून पाटावर मांडतो, तेव्हा त्या पूजेचा एक अर्थ असाही घेता येईल की शस्त्राने वर्षातून एकदा तरी चारचौघांसमोर यावे आणि आपण कोणाच्या घरात आहोत हे सांगावे.

हेतूवर सारे अवलंबून आहे, असे म्हणणाऱ्यांची बाजू लहान नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात, जॅक्सनवधाला पुरते वर्षही उलटते न उलटते तोच, ‘गीतारहस्य’ लिहावयास घेतले, आणि कर्माची परीक्षा बाह्य स्वरूपावरून नव्हे तर कर्त्याच्या बुद्धीवरून करावी, हा सिद्धान्त तेथे विस्ताराने मांडला. त्याच्या उलट, नाशिकच्या घटनेच्या जेमतेम महिनाभर आधी लंडनहून आफ्रिकेस परतताना जहाजावर गांधींनी ‘हिंद स्वराज्य’ लिहिले आणि साधन व साध्य यांचे नाते बीज व वृक्ष यांच्यासारखे अतूट आहे, असे सांगितले. निष्काम बुद्धीने चालविलेले पिस्तूल आणि सकाम बुद्धीने चालविलेले पिस्तूल यांत टिळकांच्या मते जमीनअस्मानाचे अंतर आहे. गांधींच्या मते ती दोन्ही पिस्तुलेच. मला वाटते, या दोन मतांमध्ये एक तिसरी गोष्ट राहून जाते, आणि ती कान्हेऱ्याच्या वर्तनातच दिसते. त्याचे शस्त्र गुप्त होते. परंतु तो स्वतः गुप्त राहिला नाही. भरल्या नाट्यगृहात, दिव्यांच्या उजेडात, शेकडो साक्षीदारांसमोर, आपण जिवंत सुटणार नाही हे पत्करून त्याने कृत्य केले, आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात आपले साथीदार कर्वे व देशपांडे यांच्याबरोबर तो फाशी गेला. शस्त्राने जे प्रकटत्व गमावले होते ते अठरा वर्षांच्या आतबाहेरच्या त्या मुलाने आपल्या देहाने भरून दिले. जॅक्सनचा वध योग्य की अयोग्य यावर आजही दोन मते असू शकतात. परंतु गुप्ततेचे ऋण त्याने बुडविले नाही, याविषयी दुमत असू नये.

मग हे ऋण फेडण्याची जबाबदारी कारखानदारावर किती? बौद्ध धर्माने उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यांत शस्त्रांचा व्यापार पहिला आहे. जैन श्रावकाच्या अनर्थदंडविरमण व्रतात हिंसेची उपकरणे दुसऱ्याच्या हाती देणे हा स्वतंत्र दोष गणला आहे. घेणाऱ्याचा हेतू शुद्ध होता की अशुद्ध, ही चौकशी या दोन्ही ठिकाणी केलेली नाही, कारण देणाऱ्याला तो हेतू दिसतच नसतो. रायफल घडविणाऱ्याला निदान आपले गिऱ्हाईक ठाऊक असे. ते एखादे सरकार असे, आणि त्या सरकारची लढाई वर्तमानपत्रात छापून येई. खिशातल्या पिस्तुलाचे गिऱ्हाईक हे अनाम आणि असंख्य. हर्स्टलच्या कारखान्याला नाशिक हे नाव तरी ठाऊक होते की नाही कोण जाणे. हाच पेच आपल्याकडे २०१४ साली निराळ्या वेषात आला, जेव्हा कानपूरच्या सरकारी आयुधनिर्माणीने दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, स्त्रियांच्या पर्समध्ये मावेल असे अर्धा किलो वजनाचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर सव्वा लाखाच्या आसपास किमतीला विक्रीस काढले. ज्या स्त्रीवर आततायी चालून येतो तिला आठव्या अध्यायाचा नियम निःसंशय लागू पडतो. तथापि सव्वा लाख मोजू शकणारी स्त्री आणि संध्याकाळच्या एस.टी.ने कामावरून घरी परतणारी स्त्री या एक नव्हेत, आणि संकट बहुधा दुसरीवर येते, ही गोष्ट जाहिरातीत सांगितली जात नाही.

म्हणून माझा निष्कर्ष असा. शस्त्र जितके आखूड होते तितकी त्याच्या भोवतीची माणसे अधिक सावध असावी लागतात, कारण जे काम पूर्वी शस्त्राची लांबी करीत होती ते आता कोणाच्या तरी विवेकाने करावयाचे असते. बाळगणाऱ्याने टिळकांची कसोटी स्वतःला लावावी, आणि तीही शस्त्र विकत घेण्यापूर्वी. घडविणाऱ्याने जैनांची कसोटी टाळू नये, कारण नफ्याचा वाटेकरी असणारा कर्मफळाचा वाटेकरी नसतो असे कोणत्याही शास्त्राने म्हटलेले नाही. आणि सरकारने परवान्याची नोंदवही ही केवळ फी वसूल करण्याची सोय मानू नये. जे शस्त्र कोणालाच दिसत नाही ते निदान एका दप्तरात तरी दिसावे, त्याच्या धन्याचे नाव निदान एका कारकुनाला तरी ठाऊक असावे, एवढाच त्या रकान्यांचा अर्थ आहे. आणि अर्जाच्या कागदावर ‘कारण’ या शब्दापुढे जी ओळ कोरी असते ती भरताना अर्जदाराने, आणि ती वाचताना अंमलदाराने, थोडा अधिक वेळ घेतला तर नळीच्या लांबीवरून मार्ग बदलणाऱ्या त्या कायद्यामागचे तत्त्व पाळले गेले, असे म्हणता येईल.