इतिहासाची पदवी आणि कर्ज

इंग्लंडांत १९९८ सालापर्यंत तेथील विद्यार्थ्यांस विद्यापीठाची फी स्वतः भरावी लागत नसे. त्या सालीं ती वर्षास १,००० पौंडांपर्यंत बसली, आणि २०१२ सालीं ९,००० पौंडांपर्यंत नेण्याची मोकळीक मिळाली. तेव्हांपासून इतिहास शिकूं इच्छिणाऱ्यास लोक अधिकच विचारूं लागले कीं, बाबा, याचें उत्पन्न काय?

हा प्रश्न हलका समजूं नये. ज्याच्या घरीं शिल्लक आहे तो म्हणेल, ज्ञानाची किंमत पैशांत करूं नका; परंतु हें बोलणें त्यास फुकट पडतें. गरिबाच्या मुलीनें हिशेब मांडला म्हणून ती लोभी ठरत नाहीं.

मात्र हिशेब पुरा मांडावा. सरकारी कर्ज हें सावकारी कर्जासारखें नव्हे. २०२३ सालीं शिकूं लागलेल्यांकरितां नियम असा झाला कीं, वार्षिक मिळकत २५,००० पौंडांच्या वर जाईल तेवढ्याच रकमेवर शेंकडा ९ द्यावयाचे, आणि ४० वर्षांनीं बाकी राहील ती माफ. म्हणजे ३०,००० मिळविणाऱ्यास वर्षाचे ४५० पौंड; मिळकत नाहीं तर हप्ताही नाहीं. (आमच्या शेतकऱ्यास हें नवल वाटेल!)

तरी ४० वर्षें म्हणजे कामाचें जवळजवळ सर्व आयुष्य. श्रीमंताचा मुलगा फी रोख भरून मोकळा होतो; त्याच बाकावर शेजारीं बसलेली ती मुलगी कदाचित् साठी उलटेपर्यंत देत राहील. मला अन्याय दिसतो तो येथें. तिनें इतिहास निवडला यांत नव्हे.