निमंत्रणपत्रिकेची मागची बाजू

प्रदर्शन संपल्यानंतर त्याच्या निमंत्रणपत्रिकेचे काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता सौंदर्यशास्त्राचा नाही, घर आवरण्याचा आहे. लग्नपत्रिकेवर गणपती असतो म्हणून ती टाकवत नाही. चित्रकाराच्या पत्रिकेवर चित्र असते म्हणून. पुण्यात बालगंधर्व कलादालनात किंवा शनिवार पेठेतील सुदर्शन कलादालनात भरलेल्या प्रदर्शनांच्या पत्रिका अनेक घरांत पुस्तकातील खूण म्हणून वा कपाटाच्या काचेला टेकवून ठेवलेल्या दिसतात. प्रदर्शन काही दिवसांचे. पत्रिका पंचवीस-तीस वर्षे टिकते. या टिकण्यामागील आकर्षण तपासू गेल्यास त्याच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न असल्याचे आढळते.

पत्रिकेला दोन बाजू असतात. दर्शनी बाजूवर चित्र, मागे चित्रकाराचे नाव, उद्घाटकाचे नाव, स्थळ, दिनांक, वेळ. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांच्यातील जे द्वंद्व विस्ताराने मांडले, ते येथे एका जाड कागदाच्या दोन पृष्ठांवर छापलेले असते, असे म्हणता येईल. दर्शनी बाजू कशाचीही मागणी करीत नाही. मागची बाजू ‘आपण यावे’ म्हणते. दिनांक उलटला की ही मागणी निकामी होते आणि मग पत्रिका निखळ पाहण्याची वस्तू बनते. हेतू संपला, पण हेतुपूर्ण घडण शिल्लक राहिली, ही स्थिती कांटच्या वाचकाला ओळखीची वाटेल.

परंतु हे स्पष्टीकरण पुरे पडत नाही. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयातही उपयोग संपलेल्या वस्तूच आहेत. तेथील अडकित्ता आता सुपारी कातरीत नाही, म्हणूनच त्याच्या घाटाकडे लक्ष जाते. मात्र अडकित्त्याने पाहणाऱ्याला कधी काही मागितले नव्हते. पत्रिकेने मागितले होते, तेही पुष्कळदा पाकिटावर नाव घालून. जो गेला, त्याच्यापुरती ती पूर्ण झालेल्या भेटीची खूण आहे. जो गेला नाही आणि तरीही तिच्या सौंदर्यावर लुब्ध होऊन ती जपतो, त्याने बोलावणे मोडले आणि बोलावण्याचा कागद तेवढा ठेवून घेतला. एखाद्या संध्याकाळी जायचे राहून गेले, हा काही मोठा अपराध नव्हे. दोष दुसरीकडे आहे: जपलेली पत्रिका हळूहळू ‘ते चित्र पाहिले आहे’ असा समज निर्माण करते.

हा समज सर्व चित्रकारांच्या बाबतीत सारखा होत नाही. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचे रोलर व सुरीने घडवलेले पृष्ठभाग, थरांआडून येणारा त्यांचा प्रकाश पत्रिकेवर उघडउघड हरतो. तिथे केवळ एक रंगीत आयत उरतो आणि तो आपले अपुरेपण लपवीत नाही. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे तसे नाही. सपाट अवकाशात तरंगणाऱ्या त्यांच्या वस्तू, त्यांची नेमकी बाह्यरेषा लहान आकारातही सुबक उतरते; एनॅमल रंगाची चकाकी आणि आर्टपेपरची चकाकी यांची गल्लत सहज होते. काहीच गमावले नाही असे वाटू लागते. पदव्युत्तर प्रबंधासाठी जुन्या पत्रिका चाळणाऱ्या विद्यार्थ्याला गायतोंड्यांची पत्रिका सावध करते, बरव्यांची निर्धास्त करते. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हसारख्या संस्थांनी भारतीय चित्रकारांची कागदपत्रे संगणकावर उपलब्ध करून दिल्यापासून असा अभ्यास सुलभ झाला, ही मोलाचीच गोष्ट. पण पत्रिका हा घडलेल्या घटनेचा पुरावा नसून घोषणेचा पुरावा आहे. साडेपाच वाजता कोण येणार होते ते ती सांगते. आले की नाही, ते सांगत नाही.

यावर रॉबर्ट बॅरी या अमेरिकी कलावंताचा दाखला दिला जाईल. १९६९ साली त्याने पत्रिका पाठवल्या, त्या प्रदर्शनकाळात दालन बंद राहील हे कळवणाऱ्या. तेथे पत्रिकेपलीकडे पाहण्याजोगे काही नव्हतेच. पत्रिका जपणारा कोणाचेही देणे बुडवीत नव्हता. पण हा अपवाद बेतून केलेला आहे. बालगंधर्वच्या दालनात स्वखर्चाने चित्रे टांगून, दुपारच्या सामसुमीत अभिप्रायवहीजवळ बसलेल्या चित्रकाराला तो लावणे म्हणजे त्याची चित्रे भिंतीवरून उतरवून ठेवण्यासारखेच आहे.

भित्तिपत्रकाची गोष्ट वेगळी. ते कोणा एकाला उद्देशून नसते. फाटकाजवळच्या फलकावर, नाटकाला आलेल्याने जाता जाता पाहावे इतकीच त्याची अपेक्षा. शिवाय त्याला एकच बाजू असते. चित्र आणि दिनांक एकाच पृष्ठावर, कित्येकदा एकमेकांवर छापलेले. पत्रिका चौकटीत बसवली की तिची मागची बाजू भिंतीकडे जाते; भित्तिपत्रक चौकटीत बसवले तरी ‘सकाळी दहा ते रात्री आठ’ समोरच राहते. संग्राहक पत्रिकेला अधिक पसंती देतात, याचे कारण केवळ तिचा आटोपशीर आकार नसावे.

आता निमंत्रणे बहुधा व्हॉट्सॲपवर येतात. रूपाने ती भित्तिपत्रकेच, चित्रावरच दिनांक घातलेली. पोहोचतात मात्र नावानिशी, प्रत्येकाच्या हातात. त्यांना मागची बाजू नाही, आणि फोनमधील जागा भरली की ती पुसली जातात.