उधारीची किंमत कोण देतो?



पुष्कळ गांवांतील किराणा दुकानांत मालाचे दोन भाव असतात. एक उघड सांगितला जातो, तो रोख देणाऱ्याचा. दुसरा मोठ्यानें कोणी बोलत नाहीं, तो उधार नेणाऱ्याचा. ह्या दुसऱ्या भावाचा विचार आज करावयाचा आहे; कारण तो ज्याला भरावा लागतो तो बहुधा गांवांतील सर्वांत गरीब मनुष्य असतो.

समजा, एका घरीं नवराबायको दोघेंही मजुरीला जातात. महिन्याचा किराणा ३,००० रुपयांचा. तेल, साखर, डाळ, चहाची पूड, साबण हा माल रोज थोडा थोडा उधारीवर येतो व महिना भरला म्हणजे हिशेब होतो. दुकानदार उधारीच्या मालावर शेंकडा पांच रुपये अधिक लावतो. पांच रुपये ऐकावयास थोडे वाटतात. पण नीट पाहा. पहिल्या दिवशीं नेलेल्या मालाचे पैसे तीस दिवसांनीं दिले, परंतु शेवटच्या दिवशीं नेलेल्या मालाचे दुसऱ्याच दिवशीं दिले. म्हणजे सरासरीनें उधारी पंधरा दिवसांचीच झाली. पंधरा दिवसांस शेंकडा पांच, तर महिन्यास दहा आणि वर्षास एकशें वीस! कोणी सावकारानें इतकें व्याज उघडपणें मागितलें असतें तर सारा गांव त्याला नांवें ठेवता. वहींत मात्र तेंच व्याज तेलाच्या व साखरेच्या नांवाखालीं लपून बसतें. वर्षाअखेर त्या घरानें १,८०० रुपये असे दिलेले असतात कीं, त्यांबद्दल एक दाणाही घरीं आलेला नसतो. शहरांतील मोठ्या दुकानांतून "बिनव्याजी हप्ते" म्हणून जें दाखविलें जाई, त्यांतही व्याज असेंच दडविलेलें असे. म्हणून २०१३ सालीं रिझर्व्ह बँकेनें सर्व बँकांस बजावलें कीं, शून्य टक्के व्याज अशी वस्तु मुळीं नसतेच.

उधारीचा जाच येथेंच संपत नाहीं. ज्याचें खातें एका दुकानीं बांधलें गेलें, त्याला आठवड्याच्या बाजारांतील स्वस्त माल घेतां येत नाहीं. कांटा बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्याची व किडकी डाळ परत करण्याची त्याला चोरी होते. डोक्यावर देणें असलें म्हणजे मनुष्याचा आवाज आपोआप खालीं येतो. पुष्कळदां बाप लाजेनें स्वतः जात नाहीं, लहान मुलीस पाठवितो, आणि "मागची बाकी केव्हां देणार?" हें चारचौघांदेखत त्या लेंकराला ऐकावें लागतें. ही किंमत कोणत्याच वहींत लिहिलेली नसते.

मग दोष कोणाचा? दुकानदाराचा, असें उत्तर चटकन् तोंडांत येतें. लबाड दुकानदार आहेत खरे. परंतु सगळा दोष त्यांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. अमेरिकेंत फेडरल ट्रेड कमिशन ह्या सरकारी मंडळानें वॉशिंग्टन शहरांतील दुकानांची चौकशी करून १९६८ सालीं अहवाल प्रसिद्ध केला. दुकानदारास १०० डॉलरला पडणारी वस्तु सर्वसाधारण दुकानांत सरासरीनें १५९ डॉलरला विकली जाई, आणि गरिबांस हप्त्यानें माल देणाऱ्या दुकानांत २५५ डॉलरला. तथापि असेंही आढळलें कीं, ह्या जादा पैशांतील बराच भाग विक्रेत्यांचे पगार व दलाली, वसुलीचा खर्च आणि बुडीत रकमा ह्यांतच जाई. म्हणजे जो बुडवीत असे त्याचें देणेंही प्रामाणिकपणें फेडणारा गरीबच भरीत होता. आमच्याकडे १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर उठाव केला; वह्या व कर्जरोखे जाळले. त्या दंग्यानंतर १८७९ त दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं कायदाही झाला. परंतु वही जळाली तरी घरची चूल पेटवावयाची राहतेच. आणि हातीं पैसा नसेल तर दुसऱ्या दिवशीं नवी वही उघडते.

कांहीं म्हणतात, दोष गरिबाचाच आहे. त्यानें अंथरूण पाहून पाय पसरावे. म्हण खोटी नाहीं. लग्नांत ऐपतीबाहेर खर्च करणाराला किंवा दारूपायीं घर बुडविणाराला ती अवश्य ऐकवावी. पण जो मीठमिरची उधार आणतो त्यानें पाय कोठें पसरले आहेत? त्यानें काम केलें आहे. केवळ मजुरी अजून त्याच्या हातीं पडलेली नाहीं.

आणि येथेंच खरें मूळ सांपडतें. मजूर सोमवारीं कामास लागून शनिवारीं पैसे घेतो, तेव्हां सहा दिवस त्यानें आपले श्रम मालकाला उधार दिलेले असतात. "आज सुटे नाहींत, पुढच्या बाजारीं ये," असें मालकानें म्हटलें तरी ह्या उधारीवर तो व्याज लावीत नाहीं. एकाच वेळीं तो धनकोही आहे आणि ऋणकोही आहे. मात्र त्याचें घेणें बिनव्याजी आणि देणें व्याजी! २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याखालीं उशिरा मिळणाऱ्या मजुरीवर भरपाई ठरविली गेली, ती शेंकडा दररोज पांच पैसे, म्हणजे महिन्यास दीड रुपया. आमच्या हिशेबांतील दुकानाची उधारी महिन्यास दहा रुपये. मधले साडेआठ रुपये गरिबाच्या पोटांतूनच जातात. मोशेच्या नियमशास्त्रांत मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावी अशी आज्ञा आहे. तिला आपण दयेची आज्ञा समजतों; पण ती न्यायाची आहे, आणि तींत व्यवहारही आहे. संध्याकाळीं पैसे मिळाले तर रात्रीचें तेल रोखीनें येतें.

ह्या फेऱ्यांतून सुटतां येतें काय? इंग्लंडांतील रॉचडेल गांवच्या २८ गरीब लोकांनीं, ज्यांत पुष्कळ विणकर होते, दर आठवड्यास थोडें थोडें साठवून २८ पौंड जमविले व २१ डिसेंबर १८४४ रोजीं स्वतःचें दुकान उघडलें. माल थोडाच होता; पण उधार द्यावयाचें नाहीं व घ्यावयाचें नाहीं हा नियम त्यांनीं पाळला, आणि तेथूनच सहकारी चळवळीस जोर आला. आमच्याकडील बचत गटांचेंही काम असेंच आहे. वर सांगितलेल्या घरास गटानें एकदांच ३,००० रुपये महिना शेंकडा दोन व्याजानें दिले, तर पहिल्या महिन्याचें व्याज ६० रुपये होईल आणि रोख खरेदीनें १५० रुपये वांचतील. उरलेले ९० रुपये मुद्दलांत भरीत गेल्यास कर्ज दरमहा घटेल व तें घर कायमचें रोखीवर येईल. हेंही न जमल्यास निदान मीठ व साबण एवढ्या दोन जिनसा तरी रोखीनें घ्याव्या, आणि वांचेल त्यांतून तिसरी.

परंतु हा उपदेश गरिबाला करण्यापूर्वीं एक प्रश्न स्वतःला विचारूं या. ज्यानें आपल्या शेतांत खुरपणी केली, आपली भिंत लिंपली किंवा आपले कपडे शिवले, त्याचे पैसे आपल्याकडे राहिले आहेत काय? राहिले असतील तर तो आज आपल्यामुळेंच उधारीच्या भावानें तेल घेत आहे. ते पैसे उद्यां नव्हे, आजच त्याच्या घरीं नेऊन द्यावे.