अरुची आणि अवधान

‘मला चित्रपटात रस नाही’ हे विधान मराठीत सहजपणे उच्चारले जाते. पण त्याची घडण वाटते तितकी सरळ नाही. ‘मला’ ही चतुर्थी आणि ‘चित्रपटात’ ही सप्तमी यांच्या मधोमध ‘रस’ हा शब्द लोंबकळतो आहे. रस नाही तो नेमका कोठे? चित्रपटात, की माझ्यात? रसाचे अधिष्ठान कोणते, या प्रश्नावर संस्कृत साहित्यशास्त्राने काही शतके खर्ची घातली. लोल्लटाने ते मुख्यतः अनुकार्यात मानले, तर अभिनवगुप्ताने ते सहृदयाच्या ठायी आणून ठेवले. रोजच्या बोलण्यातले हे नकारार्थी वाक्य तो सगळा वाद पुन्हा उघडते आणि न सोडवताच पुढे जाते. प्रस्तुत लेखात मला या नकाराचा विचार करावयाचा आहे. एखाद्या कलाप्रकाराविषयी रुची नसणे हा दोष आहे काय? असल्यास तो कोणत्या जातीचा: अभिरुचीचा, शिक्षणाचा, की शीलाचा?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही, वर्गात भेटला. साहित्यकृतीचे माध्यमांतर हा अभ्यासघटक शिकवताना मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि तीवरचा अमोल पालेकरांचा १९९५ चा चित्रपट शेजारी शेजारी ठेवत असे. एका वर्षी पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थी चर्चेत गप्पच बसला. विचारल्यावर उभा राहून म्हणाला, “सर, मला पिक्चर बघायची आवड नाही.” वर्ग हसला. मीही हसलो, हे नमूद केले पाहिजे. मग तो म्हणाला, “तुम्ही सांगितला म्हणून बघितला. चांगला आहे. पण मेंढरं आमच्या घरचीच आहेत. पुस्तकात ती मला निराळी दिसली होती. पडद्यावर पुन्हा आपली घरचीच दिसली.” तो नेवासे तालुक्यातल्याच एका धनगर कुटुंबातला. अंतर्गत मूल्यमापनात रसास्वादाच्या वीस गुणांपैकी मी त्याला नऊ दिले. शेऱ्यात लिहिले : ‘दृश्य माध्यमाची जाण विकसित होणे आवश्यक.’

हा शेरा मला तेव्हा निर्विवाद वाटला होता. त्यामागे एक प्रतिष्ठित परंपरा होती. साहित्य, संगीत आणि कला यांना पारखा असलेला मनुष्य म्हणजे शेपूट-शिंगे नसलेला पशू, असा निवाडा भर्तृहरीच्या नावावर आपण शाळेपासून पाठ केलेला असतो. (या यादीत पुढे किती कलांची भर पडणार आहे याची कल्पना असती, तर त्या कवीने पशुत्वाचा निकष थोडा सैल केला असता, असे मला अनेकदा वाटते.) अभिनवगुप्ताने ‘लोचना’त सहृदयाचे लक्षण सांगताना काव्याच्या सततच्या परिशीलनाने स्वच्छ झालेल्या मनोदर्पणाची अट घातली आहे. म्हणजे सहृदयता ही काही अंशी कमावण्याची गोष्ट ठरते, आणि ज्याने कमावली नाही त्याच्याकडे शिक्षकाने बोट दाखवणे रास्त ठरते. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, पुढे रसास्वाद वर्गांची परंपरा रुजली. त्यांतून तयार झालेल्या रसिकतेचा आमच्या पिढीवर मोठा उपकार आहे, हे मी नाकारत नाही. पण याच शास्त्राकडे थोडे बारकाईने पाहिले की अडचण येते. ‘अभिनवभारती’त रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात बुडालेला असणे, आपल्या किंवा परक्याच्या देशकालाशी जखडलेला असणे, प्रतीती अस्फुट असणे इत्यादी. ही सर्व विघ्ने आसनावर येऊन बसलेल्या प्रेक्षकाची आहेत. जो नाट्यगृहाकडे वळलाच नाही, किंवा आला, सर्व काही नीट पाहिले आणि शांतपणे उठून गेला, त्याचा विचार या यादीत बसत नाही. माझ्या विद्यार्थ्याला सातांपैकी एकही विघ्न लावता येत नव्हते. ‘घरचीच मेंढरे’ हे स्वतःच्या देशकालाशी जखडणे आहे, असे कोणी म्हणेल. पण कादंबरी वाचताना तोच मुलगा, त्याच मेंढरांसह, त्या देशकालातून बाहेर पडू शकला होता.

इतिहासाचेही असेच आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला, येथून भारतीय चित्रपटाचा प्रत्येक इतिहास सुरू होतो, आणि तो आत गेलेल्यांचा इतिहास असतो. त्या संध्याकाळी हॉटेलावरून सरळ पुढे निघून गेलेल्यांविषयी आपण कधीच काही बोलत नाही. न जाणाऱ्यांपैकी जे प्रसिद्ध आहेत ते बहुधा विरोधक आहेत. १९२७ मध्ये सिनेमा चौकशी समितीच्या प्रश्नावलीला उत्तर देताना गांधीजींनी आपण कधी सिनेमाला गेलो नसल्याचे कळवले आणि त्याच्या दुष्परिणामांकडे बोट दाखवले. पुढे १९४४ मध्ये जुहू येथे त्यांनी विजय भट्टांचा ‘रामराज्य’ पाहिला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु गांधीजींना या चर्चेत साक्षीला बोलावणे चूक होईल. विरोध हा रुचीचाच एक तीव्र प्रकार आहे. विरोधकाच्या लेखी ती वस्तू महत्त्वाची असते. ‘आम्ही सिनेमे पाहत नाही’ असे अभिमानाने सांगणारे मराठीचे प्राध्यापक मी विद्यार्थी असताना पुष्कळ होते. त्यांची अरुचीही शुद्ध नव्हती. रुची म्हणजे प्रथमतः इतरांच्या रुचीविषयीची नावड, हे पिएर बुर्द्यूचे म्हणणे (‘डिस्टिंक्शन’, १९७९) त्यांना तंतोतंत लागू पडते. आता वारे फिरले आहे. आज चर्चासत्राच्या चहापानात इराणी दिग्दर्शकांची नावे ठाऊक नसणे अप्रतिष्ठेचे झाले आहे. दोन्ही वेळी प्रश्न प्रतिष्ठेचाच होता, त्यामुळे त्यात फार गुंतण्याचे कारण नाही.

खरी अडचण दुसऱ्या बाजूने येते, आणि ती गंभीर आहे. ज्याला आपण अरुची समजतो ती वंचना असू शकते. माझी आई जन्मभर म्हणत आली की तिला सिनेमाची आवड नाही. आम्ही भावंडांनी ते तिच्या स्वभावाचे लक्षण मानले. तिच्या लहानपणी गावोगावच्या यात्रांत तंबूतले सिनेमे येत. पुरुष आणि मुलगे जात. घरातल्या मुलींनी जाण्याचा प्रश्न नसे. कोल्ह्याची द्राक्षे आपल्याला म्हणीपुरती ठाऊक असतात. यॉन एल्स्टर या विचारवंताने त्याच कथेवरून एक ग्रंथ लिहिला (‘सावर ग्रेप्स’, १९८३) आणि दाखवून दिले की जे मिळणार नाही ते हवेसेच न वाटण्याची सवय माणूस नकळत लावून घेतो. अशा इच्छांवर न्यायाचा हिशेब आधारता येत नाही. तेव्हा ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून अरुचीचा आदर करणे हे काही वेळा अन्यायाला सभ्य नाव देणे असते. स्त्रियांच्या, दलितांच्या, भटक्यांच्या संदर्भात ‘त्यांना त्याची गोडीच नाही’ हे वाक्य आपल्या समाजाने किती सोयीने वापरले आहे, हे या लेखाच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. माझ्या विद्यार्थ्याविषयीही मी आरंभी मनाशी हेच म्हणालो होतो : ‘संधी मिळाली नाही, म्हणून गोडी नाही.’ ते उदार वाटत होते. पण त्याने दिलेले कारण मी त्यामुळे ऐकलेच नाही. वंचनेची शंका घेणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. मात्र त्या शंकेने समोरच्याचे बोलणे आधीच रद्द होत असेल, तर तोही एक प्रकारचा हिरावा आहे.

येथे कांटकडे वळावे लागते. ‘हे सुंदर आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा इतरांनीही सहमत व्हावे अशी अपेक्षा त्या विधानात अंतर्भूत असते, हा १७९० च्या तिसऱ्या ‘क्रिटिक’मधील सिद्धान्त रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे (१९७४) मराठी अभ्यासकाच्या परिचयाचा आहे. आपल्याला भावलेला चित्रपट मित्राला निर्विकार ठेवतो तेव्हा होणारा चडफडाट केवळ अहंकाराचा नसतो, हे त्यावरून समजते. पण ही अपेक्षा निर्णयाविषयीची आहे. वस्तूविषयी ओढ वाटलीच पाहिजे, असे त्यातून निघत नाही. उलट कांटच्या मते सौंदर्यनिर्णय हा स्वरूपतः ओढीपासून मुक्त असतो. मराठीत ‘अलिप्त’ आणि ‘उदासीन’ हे दोन वेगळे शब्द आहेत, तरी व्यवहारात त्यांची गल्लत होते. माझ्या विद्यार्थ्याने चित्रपट पाहिला, ‘चांगला आहे’ असा निर्णय दिला आणि तरी त्याला ओढ वाटली नाही. म्हणजे त्याच्या ठायी निर्णय होता, आस्था नव्हती. कांटच्या कसोटीवर त्याला नऊ गुण देणे अवघड आहे. त्याच ग्रंथात (परिच्छेद ४२) कांट आणखी पुढे जातो. निसर्गसौंदर्यात प्रत्यक्ष आस्था असणे हे चांगल्या अंतःकरणाचे चिन्ह आहे, कलेतल्या आस्थेवरून मात्र माणसाच्या नैतिकतेविषयी काही अनुमान काढता येत नाही, असे तो म्हणतो. आणि कलावस्तूंचे दालन सोडून निसर्गाकडे वळणाऱ्या रसिकाविषयी आदर व्यक्त करतो. भर्तृहरीच्या नावावरील निवाड्याला याहून नेमके उत्तर माझ्या वाचनात नाही.

‘उदासीन’ हा शब्दही तपासण्याजोगा आहे. उद् आणि आस् यांपासून तो बनला : बाजूला, अलग बसलेला. गीतेच्या चौदाव्या अध्यायात गुणातीताचे वर्णन करताना तो गौरवाने येतो. संतवाङ्मयात ‘उदास’ म्हणजे विरक्त. आज त्याच शब्दाला खिन्नतेचा रंग चढला आहे. एखाद्या गोष्टीपासून अलग बसलेला मनुष्य दुःखीच असणार, हा आपला गृहीत धरलेला समज भाषेनेच नोंदवून ठेवला आहे, असे म्हणता येईल.

मी ज्या गावात शिकवतो त्या गावाने या बाबतीत मला थोडे शहाणे केले. नेवाशाला प्रवरेकाठी दोन स्थळे आहेत. एक मोहिनीराजाचे मंदिर. अमृतवाटपाच्या कथेतला, दृष्टीला भुरळ घालणारा हा अवतार. त्या कथेतले झाडून सारे असुर उत्सुक प्रेक्षक होते, आणि पाहण्यात न रमता पंक्ती बदलून बसलेल्या एकट्याचे शिर गेले, हे आमच्या विषयाला उपकारक नाही. दुसरे स्थळ पैसाचा खांब. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, याला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी श्रद्धा आहे. दुर्गा भागवतांनी आपल्या लेखसंग्रहाला याच खांबावरून ‘पैस’ हे नाव दिले; १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या ग्रंथाला मिळाला. दामले-फत्तेलालांचा प्रभातचा ‘संत ज्ञानेश्वर’ १९४० चा. चालत्या भिंतीचा चमत्कार पडद्याला मानवतो. पण एक जण बोलतो आहे, दुसरा लिहितो आहे आणि भोवतीचे ऐकत आहेत, हा नेवाशाचा चमत्कार किती वेळ दाखवता येईल? तो कानाचा चमत्कार आहे.

आणि त्या ग्रंथात श्रोत्यांशी जो व्यवहार चालतो तो आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी जाऊन भिडतो. पहिल्या अध्यायात चंद्रकिरणातले अमृतकण हळुवार मनाने टिपणाऱ्या चकोराच्या पिल्लांचा दृष्टान्त येतो. तो अधिकारभेदाचा आहे, प्रत्येकाला हे जमणार नाही असे सुचवणारा. सहाव्यात आपल्या शब्दांसाठी कानांबरोबर इतर इंद्रियेही भांडू लागतील, अशी ग्वाही आहे. एवढा आत्मविश्वास असलेला हा कवी नवव्या अध्यायाच्या आरंभी मात्र श्रोत्यांकडे अवधान मागतो. केवळ अवधान द्या, सर्व सुखाला पात्र व्हाल, असे म्हणतो आणि लगेच सावरून घेतो : हे मी गर्वाने बोलत नाही, लेकराने लडिवाळपणे मागावे तसे मागतो आहे. अवधान येथे देणे नाही, दान आहे. ते मागणाऱ्याने नम्र व्हायचे असते. न देणाऱ्याच्या नावावर थकबाकी मांडता येत नाही. मी वर्गात ती मांडली होती, आणि वीसपैकी अकरा इतकी तिची रक्कमही ठरवली होती.

यावर एक आक्षेप उरतोच. अवधान हे दानच असेल तर शिक्षण कशाचे द्यायचे? अभ्यासक्रमात काहीच सक्तीचे ठेवता येणार नाही. मला वाटते, शिक्षक पाहण्याची सक्ती करू शकतो आणि पाहिलेल्याविषयी नेमके बोलण्याची सक्ती करू शकतो. त्या मुलाने दोन्ही केले होते. ओढ मात्र मी मागितली होती, आणि तिची परीक्षा घेण्याचा अधिकार कोणत्याच विद्यापीठाने मला दिलेला नव्हता. घरची मेंढरे पुस्तकात निराळी आणि पडद्यावर घरचीच दिसणे हे माध्यमभेदाविषयी त्या वर्षी वर्गात झालेले सर्वांत चांगले विधान होते. शब्दातले मेंढरू वाचकाला घडवावे लागते. पडद्यावरचे घडून आलेले असते. ज्याला घडवण्यात रस आहे त्याला पाहण्यात तो नसणे अगदी संभवते.

आईविषयी मात्र मी अजून निश्चित काही म्हणू शकत नाही. काही वर्षांपूर्वी तिला नगरला चित्रपटगृहात घेऊन गेलो होतो. मध्यंतरात ती बाहेर येऊन बाकावर बसली, आणि उरलेला चित्रपट आम्ही पाहून घ्यावा असे तिने सुचवले. परत येताना एस.टी.त तिने सांगितले की मुलगी असताना यात्रेत ‘सांगत्ये ऐका’ लागला होता. अनंत माने यांचा, १९५९ चा. पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चाललेला आणि नंतर वर्षानुवर्षे तंबूंतून फिरलेला. तंबूचा कर्णा घरापर्यंत ऐकू येत असे. तीन रात्री तिने अंगणात भांडी घासताना तो सबंध ऐकला. कोणत्या संवादानंतर कोणते गाणे येते हे तिला अजून येते. पुढे कधी तो पाहावासा वाटला नाही का, असे मी विचारले. ती म्हणाली, “झाला होता की ऐकून.”