घराण्याच्या वहींत कोणाचें नांव घालावें?

मे महिना लागला कीं कोंकणांतील रिकामे गांव पुन्हां भरूं लागतात. कणकवली तालुक्यांतील नांदगांवाचेंच उदाहरण घ्या. मुंबई-गोवा रस्त्यावरून देवगडचा फांटा येथेंच फुटतो, म्हणून सारे त्यास नांदगांव तिठा या नांवानें ओळखतात. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाली तेव्हांपासून आगगाडीचें ठाणेंही जवळ आलें आहे. शाळांना सुटी पडली कीं मुंबईकर मंडळी बोजे व मुलें घेऊन उतरतात, वर्षभर बंद राहिलेल्या घरांचीं कुलपें निघतात, खळें सारवून होतें. कोणी आंबे उतरवितो, कोणी फणसाचीं साठें उन्हांत घालतो; बायका कोकमें फोडून सोलें वाळत टाकतात; आणि मृगाच्या आधीं लांकूडफांटा पडवींत आला पाहिजे म्हणून घरांतील म्हातारीं माणसें सर्वांच्या पाठीस लागतात. दुपारीं ओटीवर अंग टाकून वर्षाच्या साऱ्या खबरा होतात: कोण गेलें, कोणाचें जुळलें, कोणाची मुलगी नर्सिंगची परीक्षा उतरली. मग पुस्तक उघडावें, चार पानें वाचावीं, आणि तें तोंडावर ठेवून झोंप घ्यावी. यांत वावगें कांहींच नाहीं. विसावा हीही देवाची देणगी आहे.

अलीकडे या सुटींत एक नवा छंद शिरला आहे, तो म्हणजे आपल्या घराण्याची वंशावळ जमविण्याचा. पूर्वीं हें काम कुळवृत्तांत छापणाऱ्या मोठ्या घराण्यांचें समजत. आतां शिकलासवरलेला कोणीही तरुण वही घेऊन आजीपुढें बसतो. साधनेंही पुष्कळ आहेत. सातबारा मोबाइलवर दिसतो. शाळेच्या जनरल रजिस्टरांत आजोबांची जन्मतारीख सांपडते, बहुधा मास्तरांनीं अंदाजानें घातलेली. मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरांत पुष्कळदां जुनें नांव व नवें नांव शेजारींशेजारीं असतें. त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस गेलेल्या पूर्वजांचीं नांवें पिढ्यान्‌पिढ्या उतरलेलीं आहेत. जुने कागद मोडींत असतात, आणि ती लिपी शाळांतून गेल्यास फार दिवस झाले, म्हणून वाचणारा शोधावा लागतो. शिवाय सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजीं निराळा झाला. त्यापूर्वींच्या कागदांवर रत्नागिरीच आढळेल, हें नवशिक्यानें ध्यानांत ठेवावें.

येथें आपले एखादे उपदेशकबंधु मला थांबवून म्हणतील, पौलानें तीमथ्याला वंशावळींच्या नादीं लागण्याविषयीं सावध केलें नाहीं काय? केलें आहे, आणि तीताच्या पत्रांतही तेंच आहे. परंतु तो ज्या वंशावळींविषयीं बोलतो त्या वाद माजविणाऱ्या होत्या. त्याच नव्या करारांत मत्तयाचें शुभवर्तमान एका वंशावळीनेंच उघडतें, आणि त्या यादींत दावीद राजाचा अपराध लेखकानें झांकलेला नाहीं; शलमोनाची आई ही उरीयाची बायको होती, असें तेथें स्पष्ट आहे. (तिचें स्वतःचें नांव मात्र तेथेंही नाहीं; तें आपणांस जुन्या करारांतून घ्यावें लागतें.) तेव्हां वंशावळ लिहावी कीं लिहूं नये, हा प्रश्न नव्हे. लिहितांना काय घालावें व काय गाळावें, हा खरा प्रश्न आहे, आणि तो करमणुकीचा राहत नाहीं. तो नीतीचा कसा होतो हें मीं नांदगांवच्या एका घरीं पाहिलें, तें सांगतों.

घराचें नांव सांगत नाहीं. तेथील पुतण्या मुंबईस शिक्षक आहे. गेल्या सुटींत तो आला आणि माळ्यावरचा पेटारा खालीं काढून बसला. जुन्या पावत्यांच्या तळाशीं फडक्यांत गुंडाळलेला एक मोडी कागद निघाला. मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनीं तो वाचून दिला. पुतण्याच्या पणजोबांना एक धाकटा भाऊ होता व तो तरुणपणींच वारला, हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. त्याची बायको मागें राहिली होती, हें कोणी बोलत नसे. कागद तिचा होता, फारखतीचा. घर, जमीन व कलमें यांवर माझा कांहीं हक्क राहिला नाहीं, त्याबद्दल दरसाल ठराविक भात व एक लुगडें मिळावें, असा मजकूर. शेवटीं निशाणी बांगडी. लिहितां न येणाऱ्या पुरुषाच्या नांवापुढें नांगर व बाईच्या नांवापुढें बांगडी काढण्याची जुनी रीत होती. त्या वांकड्यातिकड्या वाटोळ्या रेघेशेजारीं साक्षीदारांच्या सह्या होत्या.

आतां येथें थोडें कायद्याकडे पाहिलें पाहिजे. नवऱ्याच्या मिळकतींत विधवेस वांटा देणारा कायदा १९३७ सालीं झाला, व १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें तो हक्क पुरा झाला. हा कागद त्याच्या बराच आधींचा. त्या काळीं एकत्र कुटुंबांतील विधवेस अन्नवस्त्रापलीकडे फारसें मागतांच येत नसे. मग फारखत लिहून घेण्याचें कारण काय? भाऊ विभक्त झालेले असतील, तर मात्र निपुत्रिक भावाच्या विधवेस हयातीपुरता हक्क होता. म्हणजे ज्या अर्थीं कागद करून घेतला, त्या अर्थीं सोडून देण्याजोगें तिच्याजवळ कांहींतरी होतें. हा तर्क त्या शिक्षकाच्या मनांत आला आणि त्याची झोंप उडाली. ज्या कलमांचे आंबे तो लहानपणापासून खात आला, त्यांतील कांहीं तिचीं असावींत.

थोरल्या काकांनीं हें ऐकतांच सांगितलें कीं कागद जाळून टाक. त्यांस कठोर म्हणूं नका. महामार्ग चौपदरी झाला तेव्हां त्या पट्ट्यांतील जमिनी गेल्या, आणि भरपाई घ्यावयाची तर वारस कोण, वंशावळ कोणती, हे प्रश्न घराघरांत उभे राहिले. कोंकणांत एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस सामाईक नांवें असतात; एक नांव वाढलें तरी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. बाई निपुत्रिक वारली, तिच्या माहेरचें आज कोणी आहे कीं नाहीं तेंही माहीत नाहीं. मग निजलेलें कुत्रें कशास जागें करा, असें त्यांचें म्हणणें.

माहेरपणास आलेली आत्या घरांत सर्वांत वडील. ती एवढेंच म्हणाली, "झिला, गेलल्या माणसाक दोष दिवन काय गावतला?" तिचें कारण निराळें होतें. ज्या आजोबांनीं तिला मांडीवर खेळविलें, त्यांच्या माथीं नातवानें लबाडी मारावी, आणि त्यांनीं उत्तर द्यावयास उठून येऊं नये, हें तिला सोसेना. मला वाटतें, काकांच्या भयापेक्षां आत्याची ही दया अधिक विचार करण्यासारखी आहे. मेलेला मनुष्य साक्ष देऊं शकत नाहीं. पणजोबांनीं तो कागद एखाद्या सावकाराच्या तगाद्यापासून जमीन वांचविण्यासाठीं केला असेल. कदाचित्‌ बाईनेंच मागितला असेल. आपण जाणत नाहीं.

परंतु जाणत नाहीं म्हणून गाळावें, हें ओघानें येत नाहीं. मीं त्या शिक्षकास एवढेंच सुचविलें कीं, कागद काय म्हणतो तें एका ओळींत लिहावें, आणि तुझा तर्क दुसऱ्या ओळींत, 'असें वाटतें' या शब्दांसह लिहावा. दोहोंची सरमिसळ करूं नये. पणजोबांस लबाड म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं, परंतु त्या बाईस नव्हती म्हणण्याचा तर त्याहूनही नाहीं. दोष देणें निराळें आणि नोंद ठेवणें निराळें. घरोघर ही गल्लत होते, आणि तीपायीं चांगलीं माणसेंही कागद जाळतात.

दुपारच्या वाचनासाठीं ज्यांना पुस्तक हवें असेल त्यांस याच संबंधांत दोन सांगतों. पहिलें वरसईच्या विष्णुभट गोडशांचें 'माझा प्रवास'. घरच्या कर्जापायीं हा गरीब भिक्षुक १८५७ सालीं उत्तरेस गेला, बंडांत सांपडला, झांशीच्या वेढ्यांत होता, आणि परतला तो गंगेच्या पाण्याची कावड घेऊन. हें पुस्तक चिंतामण विनायक वैद्यांनीं १९०७ सालीं छापिलें, परंतु कांहीं भाग गाळून व भाषा बदलून. मूळ बाडाप्रमाणें तें दत्तो वामन पोतदारांनीं प्रसिद्ध केलें तें १९६६ सालीं. जवळजवळ साठ वर्षें वाचकांस गोडसे भटजी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागले. तरी वैद्यांचे उपकार मानले पाहिजेत, कारण मूळ बाड नष्ट झालें नाहीं. छापतांना गाळलेलें पुढें परत घालतां येतें. जाळलेलें येत नाहीं.

दुसरें पुस्तक आपल्या बहुतेक घरांत असेलच: लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें', ज्यांचा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं जन्मलेले नारायण वामन टिळक आपणां सर्वांस पूज्य. त्यांच्या पत्नीनें त्यांचा तापटपणा, न सांगतां घरांतून निघून जाणें, हातीं पैसा न टिकणें, हें सारें लिहून ठेविलें, आणि स्वतःची फजितीही तितक्याच मोकळेपणानें लिहिली. त्यामुळें टिळकांची थोरवी कोणा वाचकाच्या मनांत उणी झाली, असें मीं अजून ऐकलें नाहीं. मात्र एक गोष्ट लक्षांत घ्या. ती बाई स्वतःच्या घराचें लिहीत होती. दुसऱ्याच्या घरच्या गोष्टी चव्हाट्यावर आणणें तिला शोभलें नसतें.

आणि येथें मला एक भेद करावासा वाटतो. आपल्या वडीलधाऱ्यांनीं दुसऱ्यावर केलेला अन्याय लपविणें एक, आणि आपल्या घरांतील एखाद्यास झालेलें दुःख झांकून ठेवणें दुसरें. एखाद्या घरीं महारोग झालेला भाऊ होता व तो काशीस गेला असें जगास सांगितलें. एखादी मुलगी फसली व दूरच्या गांवीं मेली. या गोष्टी वहींत घालण्याची मला घाई नाहीं. तें दुःख त्यांचें; ज्याला तें भोगावें लागलें त्यानें तें सांगितलें असतें काय, हें आधीं मनाशीं विचारावें, आणि शंका असेल तर नांव, जन्म व मरण एवढेंच लिहावें. परंतु नांव गाळूं नये. आपल्यांपैकीं पुष्कळांस हें सांगावयास नको. ज्याच्या आजोबांनीं धर्म बदलला आणि त्याच दिवशीं भाऊबंदांच्या वंशावळींतून ज्यांच्या नांवावर रेघ ओढली गेली, त्याला गाळलें जाणें म्हणजे काय तें ठाऊक आहे. आणि ज्यांच्या वाडवडिलांचीं नांवें कोणत्याच कुळवृत्तांतांत कधीं चढलीं नाहींत, त्यांनीं तर पहिली वही स्वतःच उघडावयाची आहे. त्यांनीं ती उघडतांना आपल्याच घरच्या सुनांस व लेकींस गाळूं नये. आपल्याकडे लग्नांत मुलीचें पाळण्यांतील नांव बदलण्याची रीत. सासरीं दुसरें नांव, म्हातारपणीं नुसती 'काकी' किंवा 'आजी'. तीन पिढ्यांनंतर तिचा माग लागत नाहीं तो याच कारणानें.

नांदगांवच्या घरीं पुढें काय झालें तें सांगून आटोपतों. कागद काकांनीं जाळला नाहीं. पुतण्यानें तो आत्याजवळ ठेवावयास दिला. तिसऱ्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर आत्येनें त्याला हांक मारली आणि म्हणाली कीं, ती लहान असतां मागील पडवींत एक म्हातारी राहत असे. सारे तिला काकी म्हणत. सकाळीं ती पोरांना पेज वाढी, आणि कोणाच्या पानांत भात कमी आहे तें तिला बरोबर दिसे. ती कोणाची कोण, हें विचारण्याचें कोणा पोरास सुचलें नाहीं. मग आत्येनें विचारलें, "कागदार तिचां नाव आसा काय रे?"

होतें. घरच्या माणसांपैकीं तें कोणालाच आठवत नव्हतें. शाळेच्या रजिस्टरांत तें असण्याचा संभव नव्हता, सातबाऱ्यावर तर नव्हतेंच. ज्या कागदानें तिचा हक्क काढून घेतला, त्या एकाच कागदावर तें उरलें होतें. पुतण्यानें वाचून दाखविलें: अमकी कोम अमका. आत्येनें तें नांव दोनदां हलकेंच उच्चारून पाहिलें.

"घाल तर मग," ती म्हणाली. "आनी पेज वाढी, तांय घाल."

तें त्यानें घातलें आहे. फारखतीची ओळही आहे, आणि 'असें वाटतें' ही ओळही. काका त्यावर अजून रुसलेले आहेत. माहेरच्या नांवाची जागा मात्र कोरी आहे. साक्षीदारांतील एक नांव देवगडकडील कोणाचें दिसतें, तो कदाचित्‌ तिचा भाऊ असेल. पुढच्या मे महिन्यांत त्या गांवीं जाऊन विचारावयाचें त्यानें ठरविलें आहे.