पटावरची खिंड

'खिंड लढविणे' म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. १६६० साली बाजीप्रभू देशपांडे विशाळगडाच्या वाटेवर शत्रूला अडवून उभे राहिले, ते शत्रूचा पराभव करण्यासाठी नव्हे. त्यांना हवा होता तो केवळ वेळ. मागच्यांना सुखरूप पोहोचता यावे म्हणून पुढच्यांनी उभे राहायचे आणि बहुधा तेथेच पडायचे, अशा लढाईला युद्धशास्त्रात स्वतंत्र स्थान आहे. ही लढाई आम्हांला अलीकडे भेटली ती मात्र एका जेवणाच्या टेबलावर.

टेबलावर मांडून खेळावयाच्या युद्धखेळांचा पाश्चात्त्य देशांत मोठा शौक आहे. त्यांचा उगम तसा गंभीर. प्रशियाच्या सैन्यातील रायस्वित्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशा, सोंगट्या, फासे आणि पंच यांच्या साहाय्याने सेनानींच्या शिक्षणाची एक पद्धत सिद्ध केली. पुढे हा खेळ घराघरांत शिरला आणि त्याला एक वेगळेच वळण लागले: जो इतिहास घडलाच नाही तोही पटावर मांडला जाऊ लागला. १९४० साली जर्मन सैन्य इंग्लंडमध्ये उतरले असते तर? १९७४ साली सँडहर्स्टच्या सैनिकी विद्यालयात हा प्रश्न असाच खेळून पाहण्यात आला. जर्मन सैन्य किनाऱ्यावर उतरले, परंतु ब्रिटिश आरमाराने त्याची रसद तोडली आणि मोहीम फसली, असा त्या खेळाचा निष्कर्ष निघाला.

एका परिचिताच्या आग्रहावरून आम्हीही या 'जर-तर'च्या पटासमोर बसलो. हिटलरने १७ सप्टेंबर १९४० रोजी ही स्वारी लांबणीवर टाकली, हा झाला खरा इतिहास. पटावर मात्र जर्मन फौजा केंटच्या किनाऱ्यावर उतरल्या होत्या. नेपोलियनच्या भीतीने १८०४ पासून खोदलेला रॉयल मिलिटरी कालवा, त्यावरचा एक पूल, मूठभर नियमित सैनिक आणि 'होम गार्ड'चे स्थानिक स्वयंसेवक आमच्या वाट्याला आले. आठ पाळ्या संपेपर्यंत पूल शत्रूच्या हाती जाता कामा नये, एवढीच अट होती. आपले सैनिक किती उरले याला गुण नव्हते. आठवी पाळी संपली तेव्हा पूल आमचाच होता आणि सोंगटी एकच शिल्लक होती. आम्ही जिंकलो. अशा विजयाचा आनंद होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

हे पाप आहे काय? आम्हांला तसे वाटत नाही. दहा हजारांनिशी वीस हजारांना तोंड देता येईल की नाही याचा विचार राजा आधी बसून करतो, असे प्रभू येशूच सांगतो (लूक १४). हिशेब न करता माणसे रणात लोटणारा सेनापती पुण्यवान ठरत नाही. यशाची वाजवी आशा असल्याखेरीज शस्त्र उचलू नये, ही ख्रिस्तसभेचीही जुनी शिकवण आहे.

पण हिशेब कयफानेही केला होता. सर्व लोकांसाठी एका माणसाने मरावे हे बरे, हा त्याचा सल्ला वरवर पाहता खिंड लढविणाऱ्या सेनापतीच्या हुकमासारखाच दिसतो. मग भेद कोठे आहे? सेमिनरीत शिकविल्या जाणाऱ्या दुहेरी परिणामाच्या तत्त्वाने तो स्पष्ट होतो. पुलावरचे सर्व जण जिवंत परतले, तर सेनापतीचा बेत फसत नाही. उलट त्याच्या आनंदाला पारावार राहत नाही. येशू जिवंत राहिला असता, तर कयफाचा बेत मात्र फसला असता; त्याला मृत्यूच हवा होता. सैनिकाचा मृत्यू सेनापतीला दिसत असतो, पण त्याला तो हवा नसतो. वाचलेल्यांना गुण न देणारा खेळ नेमका हाच भेद पुसून टाकतो. 'ते जगले काय, मेले काय, सारखेच' ही वृत्ती कयफाच्या पुष्कळ जवळ जाते. आमचे चालले असते, तर या खेळाच्या नियमांत एवढी एक दुरुस्ती आम्ही अवश्य केली असती.

प्रत्यक्षात असा हुकूम देणाऱ्याची अवस्था काय होते? मे १९४० मध्ये डंकर्कला अडकलेल्या सैन्यासाठी वेळ मिळावा म्हणून ब्रिगेडियर निकल्सन यांच्या तुकडीने कॅले शहर लढवीत राहावे आणि त्यांना माघारी आणू नये, असे ठरले. त्या रात्री जेवणानंतर टेबलाशी बसलो असता आपल्याला मळमळू लागले, असे चर्चिल यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. डंकर्कहून ३,३८,००० हून अधिक सैनिक सुटले. कॅलेचा त्यात वाटा किती? चर्चिल यांच्या मते मोठा. त्याच आघाडीवरचा जर्मन सेनापती गुडेरियन याच्या मते मात्र कॅलेच्या लढ्याने डंकर्कमध्ये काहीच फरक पडला नाही. निकल्सन १९४३ साली युद्धकैदेतच वारले. ते चार दिवस कारणी लागले की नाही, हे त्यांना कोण सांगणार होते?

मोलिना या स्पॅनिश येशूसंघीयाने १५८८ साली असे प्रतिपादन केले, की कोणत्या परिस्थितीत कोणता माणूस स्वेच्छेने काय करील, हे सारे परमेश्वराला ठाऊक असते. घडले तेही आणि न घडले तेही. डोमिनिकन पंडितांनी या मताला कडाडून विरोध केला. १६०७ साली पोप पाचवे पॉल यांनी कोणालाही दोषी न ठरविता तो वाद थांबविला. पंडितांचे काहीही असो, माणसाला हे ज्ञान नाही, एवढे तरी दोन्ही पक्षांना मान्य होते. पटावरचा 'जर' फासे टाकून पुन्हा पुन्हा तपासता येतो. कॅलेचा 'जर' एकदाच आला आणि अंधारातच सोडवावा लागला. म्हणून अशा हुकमाचा न्याय निकालावरून करता येत नाही. हुकूम देणाऱ्याने किती प्रामाणिकपणे जाणून घेतले, पुलावरच्या माणसांना त्याने माणसे मानले की नाही, आणि दुसरा मार्ग खरोखर शोधला काय, यावरून तो करावा लागतो.

पटावर मुळीच न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे. आपला प्राण आपण स्वतः होऊन देतो, कोणी तो हिरावून घेत नाही, असे येशूने म्हटले आहे (योहान १०). सोंगटीला संमती विचारता येत नाही. होम गार्डसाठी १४ मे १९४० रोजी नभोवाणीवरून आवाहन झाले, ते १७ ते ६५ वयाच्या पुरुषांना. दुकानदार, शेतकरी, कारकून आपण होऊन पुढे आले. आरंभी अनेकांपाशी शिकारीच्या बंदुकांपलीकडे काही नव्हते. दिवसाचे काम उरकून ते रात्री पहाऱ्याला उभे राहत. शत्रू आलाच तर नियमित सैन्य पोहोचेपर्यंत आपण त्याला थोडा वेळ थोपवायचे आहे, याची त्यांना कल्पना होती. शत्रू आला नाही. डिसेंबर १९४४ मध्ये त्यांना कामातून मोकळे करण्यात आले आणि ते घरी गेले.