माघारीला पुरावा नसतो

काही निर्णय योग्य होते हे कधीच सिद्ध करता येत नाही. डोंगराळ प्रदेशात लहान विमान चालविणारा वैमानिक पुढे ढग दाटलेले पाहून परत फिरतो, तो निर्णय या प्रकारचा. विमान सुखरूप उतरते, प्रवासी कुरकुरतात, आणि पुढे गेलो असतो तर काय झाले असते हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो. कदाचित तासाभरात आकाश निवळतेही, आणि मग त्याच्या सावधपणाला भित्रेपणा म्हटले जाते. अशा कृतीचे नैतिक मूल्य कशावरून ठरवावे?

२९ मे २०२२ रोजी नेपाळमधील पोखरा येथून जोमसोमला निघालेले तारा एअरचे ट्विन ऑटर विमान डोंगरावर आदळले. विमानातील बावीसजणांपैकी एकही वाचला नाही. त्यांत ठाण्याच्या एका कुटुंबातील चौघे होते. प्रवास जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा. मुक्तिनाथाच्या यात्रेकरूंना हा मार्ग परिचित आहे. धवलगिरी आणि अन्नपूर्णा ही दोन्ही शिखरे आठ हजार मीटरांहून उंच. त्यांच्या मधल्या काली गंडकीच्या दरीतून विमानाला वाट काढावी लागते. दिवस चढला की या दरीत वारा असा उसळतो की उड्डाणे सकाळीच उरकावी लागतात. म्हणजे ढगांसाठी थांबावे, तर वाऱ्याची वेळ जवळ येते. विमान नकळत ढगांत शिरले, वैमानिकांना योग्य मार्ग राखता आला नाही, आणि डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा बंद ठेवलेली होती, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

ढगात शिरणे एवढे घातक का, हे जमिनीवरून कळणे कठीण आहे. क्षितिज दिसेनासे झाले की तोल सांगणारा आपला अंतःकर्ण खोटी साक्ष देऊ लागतो. विमान कलत असते आणि देह सांगतो, सरळ आहे. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर विसंबून उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस जणांची कृत्रिम अंधत्वात परीक्षा घेतली गेली. विमानावरचा ताबा सुटायला त्यांना सरासरी १७८ सेकंद लागले. पर्वतात तेवढीही सवलत नसते. हवा विरळ, त्यामुळे चढण्याची शक्ती कमी आणि वळायला जागा अधिक लागते. पुढे दरी मात्र अरुंद होत जाते. म्हणून दरीतून जाताना मधोमध न उडता एका कडेने उडावे, म्हणजे वळण्यासाठी दरीची सगळी रुंदी हाताशी राहते, असे वैमानिकांना शिकविले जाते. या शिकवणीत एक संपूर्ण नीतिविचार आहे. परतीचा निर्णय संकट समोर आल्यावर घ्यायचा असला, तरी त्याची शक्यता आधीपासून राखावी लागते.

आता दोन वैमानिकांची कल्पना करू. दिवस तोच, ढग तेच, माहितीही तीच. एक परत फिरतो. दुसरा पुढे जातो आणि दैवयोगाने पोहोचतो. आपण दुसऱ्याचे कौतुक करतो. पण त्याच्या यशात त्याच्या विवेकाचा वाटा किती आणि योगायोगाचा किती? फळावरून कर्म जोखू नये, ही गीतेची शिकवण आपल्या तोंडपाठ आहे. निवाडा करताना मात्र आपण फळच पाहतो. आणि हे कौतुक वाया जात नाही. पुढच्या वेळी पहिलाही पुढे जाऊ लागतो.

माघारीकडे आपण इतिहासातही असेच पाहत आलो आहोत. १७६१ च्या पानिपतावरून मल्हारराव होळकर परतले. रण सोडल्याचा ठपका त्यांच्या नावाला अजून चिकटलेला आहे. तो न्याय्य की अन्याय्य, हे इतिहासकारांनी ठरवावे. पण परतलेल्या मल्हाररावांच्याच हाताखाली पुढची काही वर्षे अहिल्याबाईंनी राज्यकारभार शिकून घेतला, ही गोष्ट त्या ठपक्याच्या हिशेबात कोणी धरत नाही.

कोणी म्हणेल, प्रत्येक ढगाला भिऊन परतायचे ठरविले, तर डोंगरांतल्या वस्त्यांनी काय करावे? औषधे कशी पोचावीत, अत्यवस्थ रुग्ण खाली कसा आणावा? आक्षेप खरा आहे. अतिसावधपणाचीही किंमत असते, आणि ती बहुधा दुर्बळांनाच मोजावी लागते. म्हणूनच मर्यादेची रेषा त्या क्षणाच्या धैर्यावर सोडता येत नाही. ती आधी, जमिनीवर, शांत चित्ताने आखावी लागते, आणि ती पाळणाऱ्याच्या पोटाला चिमटा बसणार नाही याची हमी इतरांनी द्यावी लागते.

हे इतर कोण? जानेवारी १९९३ मध्ये भाड्याने घेतलेले एक विमान दिल्लीच्या धुक्यात उतरताना अपघातग्रस्त झाले. प्राणहानी झाली नाही, विमानाची सूत्रेही मंत्र्यांच्या हाती नव्हती. तरीही तेव्हाचे नागरी विमान वाहतूक मंत्री माधवराव शिंदे यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. पुढे ३० सप्टेंबर २००१ रोजी कानपूरच्या सभेला जाताना मैनपुरी जिल्ह्यात, खराब हवामानात, एका लहान विमानाच्या अपघातात त्यांचा अंत झाला, ही दैवगती. त्या राजीनाम्याने मांडलेले तत्त्व मात्र उरते. निर्णय वैमानिकाच्या आसनावर झाला, तरी उत्तरदायित्व तेथे संपत नाही. ते कंपनीपर्यंत, शासनापर्यंत आणि तिकीट हाती धरून घड्याळाकडे पाहणाऱ्या प्रवाशापर्यंत येते.

१५ जून २०२५ च्या पहाटे केदारनाथहून परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळले. दृष्टी पोहोचत नव्हती, असे तेव्हा सांगण्यात आले. सातही जण गेले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे एक दांपत्य आणि त्यांची दोन वर्षेही पूर्ण न झालेली मुलगी होती.

अहिल्याबाईंनी बदरी-केदारच्या यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधविल्या. कृष्णपुऱ्याच्या होळकरी छत्र्यांवरून रोज ये-जा करणारे आपण हे पुण्यकृत्य म्हणून अभिमानाने सांगतो. पण धर्मशाळा ही एक कबुलीही आहे. पर्वतात हवा बिघडणार, यात्रेकरूला अडकून पडावे लागणार, आणि त्यात लाज नाही, हे तिच्या चार भिंतींत गृहीत धरलेले आहे. आजच्या यात्रेत सहा मिनिटांचे उड्डाण आहे, आरक्षण आहे, परतीची गाडी आहे. थांबण्याला मात्र जागा ठेवलेली नाही. ती पुन्हा करून देणे हे एकट्या वैमानिकाचे काम नव्हे. निघताना हाती एक दिवस राखून ठेवणारा, आणि "आज जाता येणार नाही" असे ऐकल्यावर कारण न विचारता सामान उतरवून घेणारा प्रवासीही त्याला हातभार लावू शकतो.